वाद्यवृंदातील व्हायोलिनवादक आणि शिक्षक मेहली मेहता : एका कारकिर्दीचा ऐतिहासिक मागोवा

१. प्रस्तावना

आधुनिक मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. नाट्यसंगीत, ख्यालगायनाची घराणी, लोककला आणि चित्रपटसंगीत यांचा त्यात सविस्तर विचार झालेला दिसतो. त्या मानाने याच शहरात रुजू पाहणाऱ्या पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. परिणामी मेहली मेहता (१९०८–२००२) यांच्यासारख्या वादकाचे नाव मराठी वाचकाला माहीत असलेच तर ते बहुधा प्रख्यात वृंदसंचालक झुबिन मेहता यांचे वडील म्हणून. पुत्राच्या कीर्तीने पित्याची ओळख टिकून राहिली, हे खरे असले तरी त्याच कीर्तीच्या छायेत पित्याचे स्वतंत्र कार्य झाकले गेले, हेही तितकेच खरे आहे.

मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. तथापि, वाद्यवृंदात पूर्ण वेळ नोकरी करणारा वादक होण्याची संधी त्यांना त्यानंतर वीस वर्षांनी, १९५५ मध्ये आणि तीही इंग्लंडमधील मँचेस्टर येथे मिळाली. ज्या शहरात त्यांनी संस्था स्थापन केली, त्या शहरात त्यांना व्यवसाय का मिळू शकला नाही? या प्रश्नाच्या अनुरोधाने त्यांच्या कारकिर्दीचा मागोवा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. कलावंताची गुणवत्ता आणि कलेला लागणारी संस्थात्मक चौकट यांच्यातील संबंध या कारकिर्दीतून विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

२. वाद्यवृंदातील वादक : एक वेगळा व्यवसाय

विषयाकडे वळण्यापूर्वी संज्ञेविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाने सामान्यतः चित्रपटगीतांचा रंगमंचीय कार्यक्रम सूचित होतो. येथे अभिप्रेत असलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणजे साठ ते शंभर वादकांचा, लिखित स्वरलिपीवरून वाजविणारा आणि वृंदसंचालकाच्या नियंत्रणाखाली चालणारा वाद्यवृंद होय. त्यात तंतुवाद्ये, सुषिर वाद्ये आणि तालवाद्ये यांचे स्वतंत्र विभाग असतात. संख्येने सर्वांत मोठा गट व्हायोलिनवादकांचा असून त्याचे ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ असे दोन भाग पडतात.

महाराष्ट्राला व्हायोलिन अपरिचित नाही. गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग यांनी हे वाद्य हिंदुस्थानी रागसंगीताच्या मैफलीत प्रतिष्ठित केले. परंतु त्यांची भूमिका एकल वादकाची होती. वाद्यवृंदातील व्हायोलिनवादकाचा धर्म याहून भिन्न आहे. दोन वादक एकाच स्वरलिपीच्या पानासमोर बसतात. गज कोठे वर न्यावयाचा आणि कोठे खाली आणावयाचा, याचा निर्णय आधी झालेला असतो आणि तो सर्वांनी सारखाच पाळावयाचा असतो. स्वतःचा आवाज वेगळा ऐकू न येणे हेच तेथे कौशल्य मानले जाते. या गटाच्या अग्रस्थानी बसणाऱ्या वादकाला ‘कॉन्सर्टमास्टर’ म्हणतात. गजाच्या दिशा ठरविणे, वाद्ये स्वरात मिळवून घेणे आणि संचालकाचा आशय वादकांपर्यंत पोहोचविणे ही त्याची कामे होत. असा वादक एकट्याने रियाज करून तयार होत नाही. त्यासाठी नियमित तालमी होणारा वृंद आणि वृंदात बसण्याचे शिक्षण देणारा गुरू या दोहोंची गरज असते. मेहता यांच्या आयुष्यातील बहुतेक निर्णयांमागे ही गरज होती, असे म्हणता येईल.

३. मुंबईतील कार्य (१९३५–१९४५)

मेहली मेहता यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. मुंबई विद्यापीठातील शिक्षणाबरोबरच त्यांनी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची संगीतविषयक अर्हता संपादन केली. या संस्थेचे परीक्षक भारतात येऊन परीक्षा घेत असत. त्यामुळे मुंबईतील विद्यार्थ्यास प्रमाणपत्र मिळविणे शक्य होते. मात्र प्रमाणपत्र मिळणे आणि वाद्यवृंदाचा वादक म्हणून घडणे यांत अंतर होते. यशा हायफेट्झ या थोर व्हायोलिनवादकाचे वादन मेहतांना प्रेरणादायी ठरले. पण त्यांचे स्वतःचे शिक्षण मोठ्या प्रमाणात स्वप्रयत्नानेच झाले.

१९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली आणि पुढे सुमारे दहा वर्षे कॉन्सर्टमास्टर म्हणून काम पाहिले. १९४० मध्ये त्यांनी बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट हा दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार तंतुवाद्यांचा संच उभारला. या संचाच्या तालमी मेहतांच्या घरी होत. १९३६ साली जन्मलेल्या झुबिन यांच्या कानांवर पाश्चात्त्य संगीताचे पहिले संस्कार या तालमींतूनच झाले.

तत्कालीन मुंबईत या प्रयत्नांना अनुकूल अशी एक परिस्थिती निर्माण झाली होती. नाझी राजवटीमुळे मध्य युरोपातून परागंदा झालेले काही ज्यू संगीतकार भारतात आले. बोहेमियातील कार्ल्सबाद येथे जन्मलेले वॉल्टर काउफमान हे त्यांपैकी एक होत. १९३४ मध्ये मुंबईत आल्यावर त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. तिच्या मैफलींत काउफमान पियानोवर, एडिजिओ व्हेर्गा चेलोवर आणि मेहली मेहता व्हायोलिनवर असत. १९३७ ते १९४६ या काळात काउफमान आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे काम पाहत होते. आकाशवाणीच्या सुपरिचित संकेतधुनीचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते आणि तिच्यातील व्हायोलिन मेहली मेहता यांनी वाजविले, असे सांगितले जाते. ही परंपरागत माहिती ग्राह्य धरल्यास, पहाटे रेडिओ लावणाऱ्या कोट्यवधी भारतीयांनी ज्यांचे वादन ऐकले, त्या वादकाचे नाव मात्र त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक होते, असे म्हणावे लागते.

बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची रचना तिच्या मर्यादा स्पष्ट करते. तंतुवाद्ये वाजविणाऱ्यांत पारशी समाजातील हौशी वादक होते आणि त्यांच्या शेजारी गोव्याचे व्यावसायिक वादक बसत. सुषिर वाद्यांसाठी प्रामुख्याने नौदलाच्या बँडवर अवलंबून राहावे लागे. म्हणजे एका गटाची उपजीविका अन्य व्यवसायांवर, दुसऱ्या गटाची हॉटेले व चित्रपटसृष्टी यांवर आणि तिसऱ्या गटाची सरकारी नोकरीवर चाललेली होती. ऑर्केस्ट्रा हा यांपैकी कोणाचाच चरितार्थ नव्हता. ज्या दिवशी बँडला अन्यत्र हजेरी असेल, त्या दिवशी बासरी आणि तुतारीच्या जागा रिकाम्या राहणार, हे अशा व्यवस्थेत अटळच होते.

४. न्यूयॉर्क येथील शिक्षण आणि पुनरागमन

दुसरे महायुद्ध संपले त्या वर्षी, म्हणजे १९४५ मध्ये, मेहता अमेरिकेला गेले. पत्नी तेहमिना आणि झुबिन व झरीन ही दोन मुले मुंबईत राहिली. वयाची छत्तिशी उलटलेला, स्वतः एका वाद्यवृंदाचा संस्थापक असलेला हा वादक न्यूयॉर्कमध्ये इव्हान गॅलामियन यांचा विद्यार्थी झाला. गॅलामियन (१९०३–१९८१) हे इराणमधील तब्रीझ येथे जन्मलेले आर्मेनियन वंशाचे शिक्षक होते. पुढे इट्झॅक पर्लमन आणि पिंकास झुकरमन यांच्यासारखे वादक त्यांच्या हाताखाली तयार झाले. उजव्या हाताचे, म्हणजे गजाचे नियंत्रण आणि रियाजाची बुद्धिपूर्वक आखणी यांवर त्यांच्या पद्धतीचा भर होता. एखादा अवघड स्वरसमूह वारंवार घोकण्याऐवजी त्यातील अडचण कोणती हे आधी शोधावे आणि त्यानुसार लय व गज बदलून सराव करावा, हे त्या पद्धतीचे सार होय.

सुमारे चार वर्षांनी मेहता मुंबईस परतले, तेव्हा देश स्वतंत्र झाला होता. ब्रिटिश अधिकारी व लष्करी वादक मायदेशी गेल्यामुळे श्रोतृवर्ग आणि वादकवर्ग दोन्ही आटले होते. वाद्यांच्या तारा, सुषिर वाद्यांच्या पट्ट्या आणि छापील स्वरलिप्या यांसाठी आयातीवर विसंबून राहावे लागत होते. या स्थितीतही मेहतांनी वृंदसंचालनाची जबाबदारी स्वीकारून कार्य चालू ठेवले. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून येहुदी मेन्युहिन यांनी दुष्काळ निवारणार्थ भारतात मैफली केल्या, तेव्हा त्यांना साथ देण्यासाठी मुंबईचा वाद्यवृंद मेहता यांच्याच नेतृत्वाखाली सज्ज झाला होता. पाहुण्या कलावंताच्या निमित्ताने वृंद जमविता येत होता. तो बारा महिने पोसण्याची व्यवस्था मात्र शहरात निर्माण झाली नव्हती.

५. समांतर उदाहरण : गोमंतकीय वादक आणि चित्रपटसृष्टी

मेहतांच्या समोरची अडचण व्यक्तिगत नव्हती, हे स्पष्ट होण्यासाठी त्याच शहरातील गोमंतकीय वादकांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चशी संलग्न शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची दीर्घ परंपरा होती. तेथे तयार झालेले वादक उपजीविकेसाठी मुंबईस येत. १९३१ मध्ये ‘आलम आरा’पासून बोलपट सुरू झाले आणि कालांतराने स्वरलिपी वाचू शकणाऱ्या वादकांना स्टुडिओत मागणी निर्माण झाली.

माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे या परंपरेचे ठळक उदाहरण होय. चर्चमध्ये संगीतशिक्षक असलेल्या वडिलांकडून त्यांनी आरंभीचे धडे घेतले. १९४३ मध्ये मुंबईस येऊन ते नौशाद यांच्या वाद्यमेळात व्हायोलिनवादक म्हणून दाखल झाले. वादक, संगीत संयोजक आणि शिक्षक अशा तिन्ही भूमिका त्यांनी पार पाडल्या. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. रागांवर आधारित स्वतःच्या सिम्फनी रचना त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचा या प्रयोगात सहभाग होता. हा उपक्रमही दीर्घकाळ टिकला नाही. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले आणि परतल्यावर माजोर्ड्यातच स्थायिक झाले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील नायकाच्या गाण्यात प्यारेलाल यांनी गुरूचे नाव गुंफले. ते नाव देशभर झाले, पण ते एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे आहे, याची जाणीव त्या गाण्याने थोड्यांनाच करून दिली.

येथे दोन कारकिर्दींची तुलना बोधप्रद ठरते. स्टुडिओत वादकाला मोबदला मिळत होता, परंतु तेथील वृंद ध्वनिमुद्रणापुरता एकत्र येई आणि काम संपताच पांगे. सिम्फनी ऑर्केस्ट्रात कलात्मक समाधान होते, परंतु वेतन नव्हते. एकाच शहरात पैसा एकीकडे आणि वृंद दुसरीकडे अशी ही विभागणी होती. मेहता आणि गोन्साल्विस यांचे वर्ग, समाज आणि मार्ग भिन्न होते. तरीही दोघांच्या वाटा अमेरिकेकडे वळल्या, ही बाब योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

६. मँचेस्टर आणि फिलाडेल्फिया (१९५५–१९६४)

१९५५ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मेहता मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात सहायक कॉन्सर्टमास्टर म्हणून रुजू झाले. १८५८ मध्ये चार्ल्स हॅले यांनी स्थापन केलेला हा इंग्लंडमधील जुन्या वाद्यवृंदांपैकी एक होय. सर जॉन बार्बिरोली हे १९४३ पासून त्याचे प्रमुख संचालक होते. आपल्या शहरात जो वृंदाचा संस्थापक आणि संचालक होता, तो येथे दुय्यम आसनावर बसला. लौकिक दृष्टीने ही पदावनती ठरेल. व्यावसायिक दृष्टीने मात्र ही त्यांची खऱ्या अर्थाने पहिली वाद्यवृंदीय नोकरी होती. ठरलेले वेतन, ठरलेल्या तालमी आणि हंगामभर अखंड चालणाऱ्या मैफली हे सर्व त्यांना प्रथमच एकत्र लाभले. पुढे मेहतांनी जे शिकविले, त्याला या चार वर्षांच्या प्रत्यक्ष अनुभवाचा भक्कम आधार होता.

१९५९ मध्ये ते फिलाडेल्फियाला गेले आणि कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिन वाजवू लागले. याशा ब्रॉडस्की, मॅक्स आरोनॉफ आणि ऑर्लँडो कोल हे त्यांचे सहवादक होते. चौघांच्या संचात दुसऱ्या व्हायोलिनचे काम वरवर दुय्यम भासते. परंतु वरचा सूर आणि खालचा आधार यांना जोडणारा दुवा तोच असतो. इतरांचे ऐकल्याशिवाय त्याला एक स्वरही लावता येत नाही. पन्नाशी ओलांडल्यावर पाच वर्षे केलेले हे काम मेहतांच्या शिक्षकी दृष्टीला पूरक ठरले असावे, असा तर्क करता येतो.

७. शिक्षक म्हणून कार्य (१९६४–१९९८)

१९६४ मध्ये मेहता लॉस एंजेलिस येथे स्थायिक झाले. झुबिन १९६२ पासून तेथील फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचे संगीत संचालक होते. त्यामुळे मेहतांचे पुढील यश हे पुत्राच्या प्रतिष्ठेचे फलित होते, असा आक्षेप घेतला जाण्याची शक्यता आहे. शहराच्या निवडीपुरता तो अंशतः मान्य करता येईल. परंतु तेथे त्यांनी स्वीकारलेले काम प्रतिष्ठेचे नव्हे, तर परिश्रमाचे होते आणि ते तीन दशकांहून अधिक काळ चालले, ही वस्तुस्थिती त्या आक्षेपाला पुरेसे उत्तर देते.

१९६४ ते १९७६ या काळात त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत वाद्यवृंद विभागाचे संचालन केले. १९६४ मध्येच त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनी या तरुण वादकांच्या वृंदाची स्थापना केली. शिक्षण संपत आलेला, पण व्यावसायिक वृंदात अद्याप प्रवेश न मिळालेला वादक हा या संस्थेचा केंद्रबिंदू होता. नियमित तालमी, मोठ्या सिम्फनी रचनांचा अभ्यास आणि श्रोत्यांसाठी विनामूल्य मैफली हे तिचे स्वरूप होते. येथे तयार झालेले अनेक वादक पुढे अमेरिकेतील व्यावसायिक वाद्यवृंदांत सामावले गेले. नव्वदीच्या उंबरठ्यावर, १९९८ मध्ये मेहता या कामातून निवृत्त झाले. १९ ऑक्टोबर २००२ रोजी वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या संस्थेचा अर्थ मेहतांच्या पूर्वायुष्याच्या संदर्भात पाहिल्यास अधिक उलगडतो. वयाच्या विशीत त्यांना स्वतःला जे मिळाले नव्हते, नेमके तेच त्यांनी येथे इतरांसाठी निर्माण केले. वैयक्तिक कौशल्य आणि व्यवसाय यांच्यामधील पायरी मुंबईत नव्हती. लॉस एंजेलिसमध्ये ती पायरी बांधण्यात त्यांनी उत्तरायुष्य वेचले. त्यांच्या कुटुंबातही या विचाराचे दोन पैलू दिसतात. थोरले झुबिन वृंदसंचालक झाले, तर लेखापाल म्हणून आरंभ केलेले धाकटे झरीन माँट्रियल सिम्फनी आणि त्यानंतर न्यूयॉर्क फिलहार्मोनिक यांसारख्या संस्थांचे प्रशासक झाले. वाद्यवृंद टिकण्यासाठी संचालकाइतकाच कुशल व्यवस्थापकही आवश्यक असतो, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

८. समारोप

प्रस्तुत विवेचनावरून असे दिसते की, मुंबईत गुणवान वादकांची उणीव नव्हती. हौशी पारशी वादक, गोमंतकीय व्यावसायिक, निर्वासित युरोपीय संगीतकार आणि जाणकार श्रोते हे सर्व १९३५ ते १९५५ या काळात एकाच शहरात उपस्थित होते. उणीव होती ती त्यांना बारमाही वेतन आणि पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या संस्थेची. त्यामुळे मेहतांचे स्थलांतर हे केवळ एका कलावंताच्या महत्त्वाकांक्षेचे द्योतक न राहता शहराच्या सांस्कृतिक अर्थव्यवस्थेतील एका रिक्त स्थानाचा पुरावा ठरते.

हे रिक्त स्थान पुढेही दीर्घकाळ राहिले. १९९५ मध्ये मेहतांच्या नावे मुंबईत मेहली मेहता म्युझिक फाउंडेशनची स्थापना झाली आणि मुलांच्या संगीतशिक्षणाचे कार्य सुरू झाले. २००६ मध्ये नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या वतीने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया अस्तित्वात आला. मात्र आरंभी त्यातील बहुसंख्य वादक कझाकस्तानसह अन्य देशांतून आणावे लागले. निधी आणि सभागृह उपलब्ध झाले तरी एका पिढीत न घडविलेले वादक दुसऱ्या पिढीला आयते मिळत नाहीत, हाच त्याचा अर्थ होय. अमेरिकन यूथ सिम्फनीचे कार्यही २०२४ मध्ये संपुष्टात आले. समृद्ध समाजातील संस्थादेखील सातत्याने जोपासाव्या लागतात, असे यावरून म्हणता येईल.

महाविद्यालयीन शिक्षणक्षेत्राच्या दृष्टीने या कारकिर्दीचा एक पैलू विशेष चिंतनीय वाटतो. मेहता यांनी पदाच्या उतरंडीचा विचार न करता प्रत्येक टप्प्यावर शिकण्याची जागा निवडली : संस्थापक असताना विद्यार्थी, संचालक असताना सहायक आणि ज्येष्ठ असताना दुसरा व्हायोलिनवादक. त्यांच्या नावावर एकल वादक म्हणून जागतिक कीर्ती नोंदलेली नाही. त्यांचे कार्य अनेक वाद्यवृंदांतील अनेक आसनांवर बसलेल्या, नावाने फारशा परिचित नसलेल्या शिष्यांच्या वादनात विखुरलेले आहे. वाद्यवृंदातील वादकाचे आणि शिक्षकाचे यश मोजावयाचे झाल्यास ते तेथेच शोधावे लागेल आणि मुंबईच्या संगीतेतिहासानेही त्याची नोंद घेणे आवश्यक आहे.